एकट्याचा मासा, पळसाचं पान

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या जाम नदीत झेंडा बांधून जे झाड रोवतात, ते पळसाचं. अलीकडून पांढुर्णा, पलीकडून सावरगाव, मध्ये ते झाड आणि दोन्ही काठांवरून दगड. गोटमारीची बातमी दरवर्षी छापून येते. याच पळसाच्या पानात मासाही भाजला जातो, त्याला मात्र कुणी दोन ओळी दिल्या नाहीत. म्हणून मग पांढुर्णा-सौंसरकडच्या घरातला नोकरदार पोरगा नागपूर-पुण्याच्या खोलीवर एकट्यापुरता ‘बेक’ केलेला मासा खाऊ लागला, की घरचे म्हणतात, हे डॉक्टरी जेवण कुठून शिकलास?

घरच्यांचंही बरोबर आहे. या भागाची जीभ नागपूरची. 1956 साली राज्यांची फेरआखणी झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्यातले मराठी पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके 2023 मध्ये पांढुर्णा या नव्या जिल्ह्यात आले. पण रस्सा म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती सावजीची तर्री, नागपूरच्या हलबा-कोष्टी विणकरांच्या घरातून खानावळीत आलेली. मासाही त्याच तर्रीत पोहायचा. बिनतेलाचा मासा म्हणजे आजाऱ्याचं पथ्य, अशी समजूत त्यातूनच झाली.

बंद, कोरड्या आचेवर भाजणं मात्र इथं जुनंच आहे. रोडगे घ्या. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या फुफाट्यात पुरून ठेवायचे, वरून राख ओढायची आणि वांग्याच्या भाजीकडे वळायचं. एकनाथांच्या भारुडात देवीला रोडग्याचा नवस आहे, म्हणजे सोळाव्या शतकात हा पदार्थ ऐकणाऱ्यांना समजावून सांगावा लागत नव्हता. ओव्हन जे करतो तेच फुफाटा करतो: चहूबाजूंनी उष्णता, मध्ये ज्वाला नाही. पानगे त्याच्या एक पाऊल पुढे. कणीक पळसाच्या पानांत दाबून भाजायची, म्हणजे राख लागत नाही आणि पानाचा वास उतरतो.

पण रोडगा एकट्याचा होत नाही. गोवऱ्यांची रास लहान केली तर ती पुरती तापायच्या आत विझते. मोठी केली तर वीस माणसं हवीत. फुफाट्याचं सगळं शास्त्र पंगतीचं आहे. एकट्या माणसाच्या वाट्याला येतात ते मूठभर निखारे, आणि मूठभर निखाऱ्यांवर चालते ती पानाची पुडी. शेतावर जागलीला बसलेला, नदीकाठी जाळं टाकून थांबलेला, रानात ढोरं घेऊन गेलेला, या माणसांजवळ भांडं नसायचं. हिरवं पान ओलं असतं. बाहेरचा थर करपेपर्यंत आतल्या माशाला स्वतःच्याच पाण्याची वाफ मिळते, आणि माशाचं मांस बोकडासारखं तासभर शिजवावं लागत नाही. मध्य भारतात, पूर्वेकडे ओडिशापर्यंत ही रीत पसरलेली आहे. तिकडे तिला ‘पत्रपोडा’ म्हणतात. पारशांची केळीच्या पानातली ‘पात्रा नी मच्छी’ त्याच घराण्यातली, फक्त तिच्या अंगावर चटणीची शाल आणि खाली वाफेचं भांडं.

लिहिणाऱ्यांनी या पुडीकडे पाहिलं नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मासे धरण्याचा खेळ आहे, मासे रांधण्याचे प्रकारही आहेत. पण राजाचा मासा चिंचेच्या रसात शिजतो, तेलात तळला जातो, वर वेलची आणि मिरेपूड घेतो. पान आणि निखारा यांची पाककृती लिहायला कुणाला सुचणार?

ती सरकारी कागदावर आली, पण मनाई म्हणून. पेंच नदीवर तोतलाडोहचं धरण झालं, भोवतीचं रान राष्ट्रीय उद्यानात गेलं. तिथून उठलेल्या आदिवासींना जलाशयात मासेमारीचे 305 परवाने दिले गेले, त्याविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला. 1997 च्या निकालात परवाने टिकले, अटी लागल्या. त्यांतली एक अशी की जलाशयाच्या काठी स्वयंपाकासाठी किंवा इतर कशासाठीही विस्तव पेटवायचा नाही. वणव्याची भीती खरी होती. अट चुकीची म्हणता येत नाही. तरी मासा धरण्याचा हक्क आणि तो तिथंच भाजून खाण्याचा हक्क वेगळे झाले, हे या कुळकथेत नोंदवावं लागतं.

मासाही बदलला. बर्फ पोचत नव्हता तेव्हा समुद्रापासून इतक्या लांब भरवशाची ती मरळ: हवेतूनही श्वास घेते, ओल्या फडक्यात किंवा थोड्या पाण्यात जिवंत बाजाराला येते, आणि मांसात बारीक काटे जवळपास नाहीत. आता ठेल्यावर रोहू-कतला जास्त. हे वाहत्या नदीत वाढणारे मासे तळ्यात अंडी घालत नसत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरींनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना अंडी घालायला लावलं, आणि तळ्यांसाठी हमखास बीज मिळू लागलं. एकट्यानं भाजायला तरी मी मरळच सांगेन. रोहूच्या तुकड्यातले इंग्रजी वायच्या आकाराचे काटे वेचता वेचता जेवण थंड होतं.

पानाची जागा घेणारी चांदी 1910 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लाटली गेली. ॲल्युमिनियमचा तो पातळ पत्रा आधी चॉकलेटं गुंडाळायला गेला, स्वयंपाकघरात नंतर आला. टेबलावरचा छोटा ओव्हन आणि 2010 नंतरचा एअर फ्रायर यांनी उरलेलं काम केलं. एका माणसापुरती बंद आच पहिल्यांदाच घरात, बटणावर मिळाली.

म्हणून पान सोडायचं कारण नाही. दीडशे-दोनशे ग्रॅम मरळ, हळद, मीठ, लिंबू, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, चमचाभर जवसाचं तेल. अर्धा तास मुरवून पळसाच्या दोन ओल्या पानांत बांधायचं आणि दोनशे अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं ठेवायचं. सोबत ज्वारीची भाकर. संत्र्याचा मुलूख आहे म्हणून संत्र्याची चकती ठेवण्याचा मोह होईल. सालीखालचा पांढरा भाग कडवट उतरतो, रसच पिळावा. एअर फ्रायर असेल तर पुडीला पत्रावळीसारखी काडी टोचायला विसरू नये. आतला पंखा सुटं पान उचलून तापलेल्या तारेला लावतो, आणि घरभर धूर होतो.