कल कुणाचा, माप कुणाचं?

परवा शनिवारी ताईचा फोन आला. भाची यंदा दहावीला. बरेच पैसे मोजून तिची करिअर टेस्ट करून आणली होती. रिपोर्ट चांगला जाडजूड, रंगीत आलेख वगैरे. निष्कर्ष काय? शिक्षण, समाजकार्य इकडे कल. कॉम्प्युटर क्षेत्राशी 'जुळणी कमी'. आणि ही पोरगी दोन वर्षं स्वतःच्या हौसेने प्रोग्रॅम लिहितेय! "मामा, म्हणजे मला चुकीचंच काहीतरी आवडतंय का?" तिने विचारलं. मला पटकन उत्तर सुचेना. म्हटलं, उद्या सांगतो. मग अख्खा रविवार या टेस्टांचा इतिहास चाळण्यात गेला.

सुरुवात सापडते अमेरिकेत, बॉस्टनला. फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थांनी १९०८ साली तिथे व्होकेशन ब्युरो काढला. हेही शिक्षणाने इंजिनियरच बरं का! त्याच वर्षी ते वारले आणि त्यांचं 'चूझिंग अ व्होकेशन' हे पुस्तक १९०९ मध्ये आलं. त्यांची रीत तीन पायऱ्यांची: स्वतःला ओळखा, कामं नीट जाणून घ्या, मग दोन्हींचा विचारपूर्वक मेळ घाला. भर होता तो प्रश्नांवर आणि समोरासमोरच्या बोलण्यावर.

मग पहिलं महायुद्ध आलं. अमेरिकन लष्कराने १९१७ पासून सुमारे १७ लाख लोकांना चाचण्या दिल्या. एवढ्या लोकांशी निवांत बोलणार कोण? माणसाला आकड्यात बसवायची सवय तिथून बळावली.

१९२७ साली स्टॅनफर्डच्या एडवर्ड स्ट्राँग यांनी आवडीनिवडींची प्रश्नावली काढली. तिची मेख लक्षात घ्या. तुम्हाला काय जमेल हे ती सांगतच नाही. एखाद्या व्यवसायात आधीपासून असलेल्या लोकांच्या आवडींशी तुमच्या आवडी किती जुळतात, एवढंच ती सांगते. बायकांचा फॉर्म वेगळा, १९३३ चा. दोन्ही फॉर्म एकत्र व्हायला १९७४ उजाडलं!

आता आमच्या धंद्याकडे वळू. १९४५-४६ मध्ये एनिॲक या संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सहाही जणी बायका होत्या. पुढे माणसं कमी पडू लागली, तेव्हा आयबीएमने १९५५ मध्ये प्रोग्रॅमर निवडायची चाचणी आणली: अंकमाला, आकृत्या, गणितं. त्यातले मार्क आणि प्रत्यक्ष काम यांचा संबंध मात्र फारसा जुळेना. मग १९६६ मध्ये कॅनन आणि पेरी या मानसशास्त्रज्ञांनी तेराशेवर प्रोग्रॅमर्सना स्ट्राँगची प्रश्नावली दिली. त्यात बहुतेक पुरुष. निष्कर्ष असा की यांना कोडी आवडतात आणि माणसांत फार मिसळणं आवडत नाही. झालं! जे होते त्यांचं वर्णन हाच पुढच्यांसाठी निकष बनला. तसलेच लोक घेतले, की पुढच्या पाहणीत तसलेच सापडणार. आमच्या भाषेत इन्फायनाइट लूप.

गंमत म्हणजे माझा निम्मा दिवस क्लायंटशी आणि टेस्टिंगवाल्यांशी बोलण्यात जातो. माणसांची आवड हा आमच्याकडे दोष कधीपासून झाला?

म्हणून टेस्ट फेकून द्यावी का? मुळीच नाही. पण रिपोर्ट हातात आला की तीन गोष्टी विचाराव्यात. एक, हे आवड मोजतंय की क्षमता? आपण दोन्हीला सर्रास 'कल' म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. दोन, तुलना कुणाशी केलीय? तीन, पार्सन्सची दुसरी पायरी चढलो का, म्हणजे ते काम करणाऱ्या माणसाला जाऊन भेटलो का?

रात्री भाचीला फोन केला. म्हटलं, "रिपोर्ट नीट जपून ठेव. तुला माणसं आवडतात हे त्याने बरोब्बर सांगितलंय. तुला काय जमणार नाही, हे मात्र त्याने मोजलेलंच नाही. पुढच्या शनिवारी ये, माझ्या टीममधल्या मुलींशी गाठ घालून देतो."

"माझा प्रोग्रॅम आणू का दाखवायला?" ती म्हणाली.

आण म्हटलं!