आईच्या आठवणीचा पुरावा

स्त्रियांच्या ओव्या, आत्मकथने, घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या हकिकती यांना आपण इतिहासाची साधने मानतो. वैद्यकाने मात्र आईच्या आठवणीला पुराव्याचे स्थान द्यायला फार वेळ लावला. रुबेला या आजाराचा इतिहास आम्हांस लक्षणीय वाटतो तो याच कारणाने.

आजार तसा किरकोळ. थोडा ताप, मानेमागच्या गाठी, दोनतीन दिवसांचे पुरळ. जर्मन वैद्यांनी प्रथम वर्णिला म्हणून 'जर्मन गोवर'. १८६६ मध्ये हेन्री व्हील या ब्रिटिश लष्करी शल्यवैद्याने भारतातील एका साथीचे वर्णन करताना त्याला 'रुबेला' हे सुटसुटीत लॅटिन नाव सुचविले. अर्थ, किंचित लाल. नावातच लाडिकपणा आहे. अशा आजाराला कोण भिणार?

१९४० साली ऑस्ट्रेलियात, युद्धामुळे गजबजलेल्या छावण्यांतून आणि शहरांतून, रुबेलाची मोठी साथ पसरली. पुढच्या वर्षी सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन मॅकॅलिस्टर ग्रेग यांच्याकडे जन्मजात मोतीबिंदू असलेली तान्ही मुले एकामागून एक येऊ लागली. जन्मजात मोतीबिंदू म्हणजे आनुवंशिक दोष, अशीच तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती. सांगतात ते असे की, दवाखान्यात थांबलेल्या दोन आया आपापसांत बोलत होत्या, आपल्याला गरोदरपणी जर्मन गोवर झाला होता म्हणून, आणि ते ग्रेग यांच्या कानी पडले. त्यांनी इतर आयांनाही विचारले, सहकाऱ्यांकडून माहिती मागविली. एकूण ७८ मुलांपैकी ६८ जणांच्या मातांना गर्भारपणात, बहुधा अगदी पहिल्या महिन्यांत, रुबेला होऊन गेला होता. अनेक मुलांच्या हृदयातही दोष होता. हा निबंध त्यांनी १५ ऑक्टोबर १९४१ रोजी मेलबर्न येथे वाचला.

लंडनच्या 'लॅन्सेट'ने १९४४ मध्ये शंका घेतली: ग्रेग यांनी आपले म्हणणे सिद्ध केलेले नाही. हा आक्षेप निव्वळ दुराग्रहाचा होता असे आम्ही म्हणणार नाही. मूल अधू निपजले की आई गर्भारपणाचा एकेक दिवस आठवू लागते, आणि शोधणाऱ्याला काहीतरी सापडतेच. आपल्याकडे 'ग्रहण पाळले नव्हते' हे कारण याच वाटेने सापडत आले. शिवाय ग्रेग यांच्यासमोर आली ती फक्त बाधित मुले. आजार होऊनही ज्यांची बाळे धडधाकट जन्मली त्या आया नेत्रतज्ज्ञाकडे कशाला येतील? म्हणजे दोष कशामुळे, हे आठवण सांगू शकत होती. धोका किती, हे नव्हे.

आठवणीच्या मदतीला अखेर कागद आले. संख्याशास्त्रज्ञ ऑलिव्हर लँकेस्टर यांनी १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जुन्या जनगणना तपासल्या. १९११ मध्ये दहा ते चौदा वयोगटात बहिऱ्यांची संख्या अपेक्षेबाहेर फुगलेली होती. १९२१ मध्ये तोच फुगवटा वीस ते चोवीस वयोगटात सरकला होता. ही मुले १८९९च्या सुमारास, रुबेलाच्या साथीच्या काळात, जन्मलेली. आकडे चाळीस वर्षे छापील पानांवर पडून होते, पण त्यांना काय विचारायचे हे सिडनीतल्या आयांनी सांगेपर्यंत कुणाला सुचले नव्हते.

१९६२ मध्ये विषाणू प्रयोगशाळेत वेगळा करण्यात आला. त्याच वर्षी अ‍ॅगाथा ख्रिस्तीची 'द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड' प्रसिद्ध झाली. (रहस्य फुटते आहे, वाचकांनी क्षमा करावी.) तिथेही एक बडबडी बाई जुन्या आजारपणाची हकिकत कौतुकाने सांगते, ऐकणारे कंटाळतात, आणि खुनाचे कारण नेमके त्या बडबडीतच असते. या कादंबरीला केवळ करमणूक म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी हा धागा पाहावा.

१९६४-६५ मध्ये अमेरिकेत साथ आली आणि सुमारे वीस हजार बाळे जन्मजात दोष घेऊन जन्मली. १९६९ मध्ये तिथे लस परवानाप्राप्त झाली. आपल्याकडे गोवर-रुबेला लसीकरणाची सरकारी मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली. पहिल्या टप्प्यात गोवा होते, महाराष्ट्राची पाळी नोव्हेंबर २०१८ मध्ये आली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलींबरोबर मुलग्यांनाही लस दिली गेली, कारण घरातल्या गरोदर बाईपर्यंत हा विषाणू शाळेतून परतलेला मुलगाही आणू शकतो.