‘थ्रिलर’ची मूळ प्रत

‘डिस्को’ हा शब्द फ्रेंच ‘दिस्कोतेक’ या शब्दाचा संक्षेप होय. ग्रंथसंग्रहास ‘बिब्लिओतेक’ म्हणतात, त्याच धर्तीवर तबकड्यांच्या संग्रहास ‘दिस्कोतेक’ हे नाव पडले. पुढे ते तबकड्या वाजवून नृत्य करावयाच्या जागेस व अखेरीस तेथील संगीतासही चिकटले. एखाद्या संगीतप्रकारास प्रदेशावरून वा गायकवर्गावरून नाव न मिळता, ते ज्या वस्तूत साठविले जाते तिच्यावरून मिळावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. प्रस्तुत विवेचनात तिचे महत्त्व पुढे दिसून येईल.

दिनांक १२ जुलै १९७९ रोजी शिकागो येथील कोमिस्की पार्क या मैदानात, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्यंतरात, डिस्कोच्या तबकड्यांनी भरलेली एक पेटी स्फोटाने उडवून देण्यात आली. त्यानंतर अमेरिकेत या शब्दाची प्रतिष्ठा झपाट्याने उतरली. वस्तू मात्र नाहीशी झाली नाही. पुढच्याच महिन्यात मायकेल जॅक्सन यांची ‘ऑफ द वॉल’ आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये ‘थ्रिलर’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. दोहोंचे निर्माते क्विन्सी जोन्स व ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडिन. ‘थ्रिलर’मधील तीन गीते रचणारे रॉड टेम्परटन हे ‘हीटवेव्ह’ या डिस्को-वाद्यवृंदातून आलेले. ‘बिली जीन’मधील एकसारखा चालणारा ठेका व मंद्र गिटारीची पुनरावृत्ती ऐकली असता तिचे कुल ओळखण्यास फारसे सायास पडत नाहीत. ‘सोल’ संगीताची गानपरंपरा आणि डिस्कोची नृत्यलय यांचा हा संगम होय.

या ध्वनिमुद्रिकेची नवी आवृत्ती २०२२ मध्ये ‘मोबाइल फिडेलिटी’ या अमेरिकन कंपनीने चोखंदळ ध्वनिरसिकांसाठी काढली. सामान्यतः तबकडी तयार होते ती अशी: लॅकरचा थर दिलेल्या चकतीवर ध्वनीची खाच कोरतात, तीवरून धातूचा उलटा साचा घेतात, त्यावरून सुलटा, व त्यावरून छपाईचे ठसे. नव्या आवृत्तीत मधल्या दोन पायऱ्या गाळून लॅकरवरून थेट ठसा घेतला होता. असा ठसा लवकर झिजतो, आणि झिजला की नवे लॅकर कोरावे लागते. प्रतींची जाहीर संख्या होती ४०,०००. एवढ्या प्रती काढावयाच्या तर मूळ ध्वनिफीत कितीदा तरी यंत्रावर चढवावी लागणार. आणि फीत जितकी वाजवावी तितकी ती झिजते. ही गोष्ट शक्य तरी कशी, असा प्रश्न जाणकारांत निघाला.

जुलै २०२२ मध्ये त्याचे उत्तर मिळाले. फिनिक्स येथील एका तबकडीविक्रेत्याने तसा संशय उघडपणे मांडल्यावर कंपनीच्या तंत्रज्ञांनी मान्य केले की, मूळ फितीची एक अंकीय नक्कल घेऊन तिच्यावरून खाच कोरली जाते, आणि ही प्रथा कंपनीच्या अन्य अनेक प्रकाशनांत २०११ पासून चालू होती. ‘मूळ ध्वनिफितीवरून’ अशी ग्वाही वेष्टनावर वाचून मोठी किंमत मोजणारे ग्राहक संतापले; खटला झाला; तडजोडीत तबकडी परत करून पैसे घेण्याची मुभा देण्यात आली. ग्राहकांची तक्रार रास्त होती, कारण जे सांगावयास हवे होते ते सांगितले गेले नव्हते. मात्र एवढ्या वर्षांत केवळ कानाने ही अंकीय पायरी कोणी निश्चितपणे ओळखली नाही, हेही तितकेच खरे. पाठचिकित्सकास यात नवल वाटू नये. नक्कल उत्तम असेल तर केवळ वाचनावरून मधली पिढी सापडत नाही. तिच्यासाठी पोथीचा इतिहासच तपासावा लागतो.

परंतु या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: फीत हेच मूळ, तबकडी ही तिची छाया. १९८२ च्या शरद ऋतूत लॉस एंजेलिस येथील वेस्टलेक स्टुडिओत जे घडले ते पाहता हे गृहीतक टिकत नाही. ध्वनिमुद्रण पूर्ण झाले, बर्नी ग्रुंडमन यांनी चाचणीची तबकडी कोरली, आणि ती ऐकताना सर्वांची निराशा झाली. जॅक्सन यांना रडू कोसळले. कारण यांत्रिक होते. मंद्र स्वरांसाठी खाच रुंद लागते. एका बाजूवर काळ जितका अधिक तितक्या खाचा जवळजवळ कोराव्या लागतात, आणि मग आवाजाची पातळी व मंद्राचा भरदारपणा कमी करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. नृत्यगृहांसाठी १९७० नंतरच्या दशकात बारा इंची एकगीती तबकडी रूढ झाली ती याच अडचणीवर उपाय म्हणून. स्वीडिन यांच्या आठवणीनुसार ‘थ्रिलर’ची प्रत्येक बाजू पंचवीस मिनिटांच्या घरात गेली होती.

मग काटछाट सुरू झाली. ‘द लेडी इन माय लाइफ’ या टेम्परटन यांच्या गीतातील एक कडवे गाळण्यात आले. ‘बिली जीन’चा लांब वाद्यप्रवेश तोडावा असे जोन्स यांचे मत होते, ‘त्यानेच नाचावेसे वाटते’ या जॅक्सन यांच्या हट्टामुळे तो वाचला. काही दिवसांच्या विश्रांतीनंतर, दिवसाला एक या गतीने, सर्व गीतांचे मिश्रण पुन्हा करण्यात आले. सिद्ध झालेली संहिता सुमारे ४२ मिनिटांची आहे: पहिली बाजू वीस, दुसरी बावीस. आदर्श मानलेली अठरा-एकोणीस मिनिटांची मर्यादा एवढे करूनही गाठता आली नाही; आठवणी व प्रत्यक्ष वस्तू यांत असा थोडा फरक राहतोच.

तेव्हा जी फीत आज ‘मूळ’ म्हणून तिजोरीत जपली जाते, ती तबकडीने नापास केल्यावर तबकडीच्या मापाने बेतलेली आहे. कालक्रमाने फीत आधी. पण तिच्यातील पाठ ठरविला तो खाचेने. २०२२ च्या आवृत्तीतही ते गाळलेले कडवे नाही, आणि ते का नाही असे कोणत्याही ग्राहकाने विचारल्याचे दिसत नाही. वादानंतर कंपनीने आपल्या तबकड्यांची निर्मितिपरंपरा पायरीपायरीने नमूद करण्यास आरंभ केला. त्या नोंदीत पहिली पायरी फितीची असते; त्यामागच्या चाचणीच्या तबकडीचा उल्लेख तीत नसतो.