डुकरिणीच्या नावाचे रोप
युरोपात ओढ्याकाठच्या ओलसर सावलीत एक बहुवर्षायू रानरोप उगवते. फुले बारकी, तपकिरी-तांबूस, गांधीलमाश्यांची आवडती. शास्त्रीय नाव स्क्रोफ्युलारिया नोडोसा. त्याच्या मुळाशी आहे लॅटिनमधला ‘स्क्रोफा’, म्हणजे चक्क विणीची डुकरीण! त्यावरून गळ्यावरच्या गाठी झाल्या ‘स्क्रोफ्युला’, आपली गंडमाळ. का, यावर तर्कच फार. ‘नोडोसा’ म्हणजे गाठाळ. रोपाचे मूळ गाठाळ, म्हणून ते गाठींवर औषध. जुन्या वैद्यकीचा हिशेब इतका सरळ.    रोपाच्या ‘फिगवर्ट’ या इंग्रजी नावातले ‘फिग’ही अंजीर नव्हे, तर मूळव्याधीचे जुने नाव आहे.