वजनावरचा शिक्का आणि कुलपाचे चित्र

भांडुपच्या कोकणनगरात राहणारी आमची एक माजी विद्यार्थिनी मालवणी मसाला, आमसुले आणि कुळथाचे पीठ घरूनच विकते. गेल्या वर्षी तिने संकेतस्थळावर छोटेसे दुकान मांडले आणि लगेच दोन विक्रेते तिच्या मागे लागले. एक म्हणाला, आम्ही तुमच्या संकेतस्थळाची नियमित तपासणी करू, कच्चे दुवे दाखवू. दुसरा म्हणाला, आम्ही 'विश्वसनीय दुकान' असा बिल्ला देऊ. तो पाहिला की गिऱ्हाईक निर्धास्तपणे पैसे भरते. दोघांचे वर्षाचे शुल्क जवळजवळ सारखेच, आणि तिच्याजवळ पैसे एकापुरतेच. "सर, यातले काय घेऊ?" तिने विचारले. मला चटकन उत्तर देता आले नाही.

मग स्टेशनाजवळच्या बाजारात एका वाण्याकडे गेलो असता त्याच्या लोखंडी वजनाकडे लक्ष गेले. आपणही एखादे वजन हाती घेऊन उलटे करून पाहा. त्यात एक खळगा असतो आणि तो शिशाने भरलेला असतो. शिसे दोन कामे करते. ते कमीजास्त करून वजन नेमके प्रमाणाइतके करता येते. आणि ते मऊ असल्यामुळे त्यावर निरीक्षकाचा शिक्का उमटतो. गंमत अशी, की कोणी लबाडीने शिसे खरवडून वजन हलके केले तर शिक्काही त्याबरोबर जातो. खूण वस्तूपासून वेगळी काढताच येत नाही!

या शिक्क्यामागे मोठा इतिहास आहे. मुंबई इलाख्यात वजनमापांचा कायदा १९३२ साली झाला. १९५६ च्या केंद्रीय कायद्याने शेर-मणांच्या जागी किलोग्रॅम आणला आणि आज २००९ चा वैधमापन कायदा लागू आहे. वजनांची फेरतपासणी दोन वर्षांनी, इलेक्ट्रॉनिक काट्यांची दर वर्षी व्हावी लागते. शिक्क्यावरून तपासणी केव्हा झाली तेही कळते. खोटे वजन वापरणाऱ्याला शिक्षा आहे. आणि शिक्क्याचा दावा किती मर्यादित आहे पाहा: हा किलो खरोखर किलो आहे, एवढेच तो सांगतो. तांदूळ जुना की नवा, वाणी सज्जन की लबाड, याविषयी तो काहीच म्हणत नाही.

सोन्याची गोष्टही अशीच. इंग्लंडमध्ये चांदीवर बिबट्याच्या मुखाचा छाप १३०० सालापासून आहे. आपल्याकडे हॉलमार्क २००० साली आला आणि २०२१ पासून प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरअंकांचा स्वतंत्र क्रमांक येऊ लागला. तो क्रमांक गिऱ्हाइकाला स्वतः पडताळून पाहता येतो.

आता संगणकाकडे वळू. १९९५ च्या सुमारास नेटस्केप या ब्राउझरच्या कोपऱ्यात एक किल्ली दिसे. दळणवळण सुरक्षित असेल तर अखंड, नसेल तर मोडलेली. पुढे किल्लीचे कुलूप झाले. अनेकांनी त्याचा अर्थ 'हे दुकान प्रामाणिक आहे' असा लावला, आणि तो साफ चूक होता. साधे पोस्टकार्ड वाटेत कोणीही वाचू शकतो, बंद पाकीट वाचता येत नाही. कुलूप म्हणजे हे बंद पाकीट. शिवाय ते पत्त्यावर लिहिलेल्या नावाच्याच घरी पोचते, एवढी हमी. त्या घरात ठग राहत असेल तर? पाकीट ठगाच्याच हाती सुरक्षितपणे पोचेल! २०१५-१६ पासून ही प्रमाणपत्रे फुकट मिळू लागली. त्याने साऱ्यांचे दळणवळण सुरक्षित झाले हे उत्तमच. पण २०१८ च्या अखेरीस फसव्या संकेतस्थळांपैकी सुमारे निम्म्यांवरही कुलूप झळकत होते. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने आपल्या क्रोम ब्राउझरमधून कुलपाचे चित्रच काढून टाकले.

प्रमाणपत्र देणाराही चुकू शकतो. २०११ साली डिजिनोटार या डच संस्थेच्या संगणकांत घुसखोरी होऊन शेकडो खोटी प्रमाणपत्रे निघाली आणि ती संस्था त्याच वर्षी बुडाली. आपल्याकडेही जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राकडून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. सरकारच्या प्रमाणन-नियंत्रकाने ती रद्द केली.

बिल्ल्यांची कथा याहून बोधप्रद आहे. अमेरिकेत ट्रस्टई ही संस्था १९९७ पासून संकेतस्थळांना खासगीपणाविषयीचा बिल्ला देऊ लागली. बेंजामिन एडेलमन या संशोधकाने २००६ साली पडताळणी केली, तेव्हा या बिल्ल्याची संकेतस्थळे बिनबिल्ल्याच्या संकेतस्थळांपेक्षा अविश्वसनीय असण्याची शक्यता दुपटीहून अधिक निघाली. असे का व्हावे? ज्याची पत चांगली आहे त्याला बिल्ल्याची फारशी गरज नसते. ज्याला पत उसनी हवी आहे तो आधी धावतो. त्यात देणाऱ्याने तपासणी ढिली ठेवली, की झाले. पुढे २०१४ साली अमेरिकी व्यापार आयोगाने दाखवून दिले, की या संस्थेने हजाराहून अधिक वेळा वार्षिक फेरतपासणी केलेलीच नव्हती. तिने दोन लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. कंट्रोलस्कॅन या कंपनीचा प्रकार तर कमालीचा. तिच्या बिल्ल्यावर रोज त्या दिवसाची तारीख उमटे, पण तपासणी रोज होत नसे. काही बिल्ल्यांमागे तर ती जवळजवळ नव्हतीच. २०१० साली आयोगाने तिच्यावरही कारवाई केली. वाण्याच्या वजनावरचे शिसे आठवते ना? इथे वस्तू आणि खूण यांचा संबंधच उरला नव्हता.

मग तपासणीची सेवा घेतली की झाले का? तेही नाही. बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली तपासणीसह मिळणाऱ्या सुरक्षा-बिल्ल्यांचा अभ्यास केला. आठ हजारांहून अधिक बिल्लेधारी संकेतस्थळे इतरांपेक्षा अधिक सुरक्षित आढळली नाहीत. यंत्राने केलेल्या तपासणीतून अनेक उघड दोषही निसटत होते. आणखी एक विपरीत गोष्ट म्हणजे, दोष सापडला की काही बिल्ले आपोआप अदृश्य होत. म्हणजे बिल्ला गायब झालेला पाहून चोराला आयतीच बातमी!

आपल्याकडे एक जमेची बाजू आहे. ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या कार्डाचा क्रमांक साठवून ठेवता येत नाही. जे जवळच नाही ते चोरीला कसे जाणार? या मुलीच्या दुकानात उरतात ती लोकांची नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक.

हे सारे मी तिला सांगितले. तिने तपासणी घेतली, आणि बिल्ल्याच्या जागी आपला चौदा अंकी अन्नसुरक्षा नोंदणी क्रमांक छापला. तो कोणालाही पडताळता येतो. पहिल्याच तपासणीत मागणी नोंदवणारी एक जुनी आज्ञावली सापडली. तिच्यातल्या दोषामुळे सगळ्या गिऱ्हाइकांचे पत्ते बाहेरच्या कोणालाही वाचता येत होते. ती दुरुस्त करायला एक दुपार लागली. बिल्लेवाल्याचा फोन अजून अधूनमधून येतो.