तारेचा पत्ता

मशीद बंदरच्या मसाल्याच्या पेढीत मी कारकुनीला लागलो तेव्हा लेटरहेडच्या डाव्या कोपऱ्यात ‘तार’ असं छापून पुढं एकच शब्द असे. ना गल्ली, ना माळा. सांगलीच्या अडत्यानं तो शब्द आणि ‘मुंबई’ एवढंच लिहिलं की हळदीचा भाव आमच्या गादीवर हजर.

पत्त्यातल्या शब्दांचेही पैसे पडत. पेढीचं नाव, इमारत, रस्ता लिहिता लिहिताच अडत्याचा खिसा हलका व्हायचा, भाव तर पुढंच राहिला. गंमत अशी की आखूड पत्त्याची वर्षाची फी भरायचो आम्ही आणि बचत व्हायची समोरच्याची. शेठ म्हणायचे, गिऱ्हाइकाला आपल्याकडे यायचा रस्ता स्वस्त पडला पाहिजे.

हा हिशेब विलायतेत आधीच मांडून झाला होता. तिथं 1870 पासून एका शिलिंगात 20 शब्द जात आणि पत्ता फुकट. ऑक्टोबर 1885 मध्ये दर सहा पेन्सांवर आला, पण शब्द उरले 12 आणि त्यात पत्ताही धरलेला. स्वस्ताई म्हणावी तर अशी! व्यापाऱ्यांनी मग वर्षाला एक गिनी, म्हणजे 21 शिलिंग, भरून आखूड पत्ते नोंदवायचा सपाटा लावला. मुंबईच्या कापूसवाल्यांना तर हे फारच सोयीचं. एडनमार्गे समुद्राखालची तार 1870 मध्ये मुंबईला पोचली होती, आणि 1880 च्या दशकात लंडनच्या तारेला शब्दामागं चार शिलिंगांच्या आसपास पडत. सहा शब्द वाचले की गिनी वसूल.

नोंदणी त्या त्या गावापुरती. मुंबईतला आमचा शब्द सोलापुरात खुशाल दुसऱ्याचा असू शके, म्हणून गावाचं नाव गाळून चालत नसे. एकाच गावात मात्र दोघांना एक शब्द मिळत नसे, आणि घोटाळा होईल इतका जवळचाही नको. मोर्समध्ये ‘आय’ म्हणजे दोन ठिपके, ‘एस’ म्हणजे तीन. एक ठिपका जास्त पडला तर आमची हळद शेजारच्याच्या गोदामात. लक्ष्मी, गणेश वगैरे कधीच उचललेले. मग लोक मालाचं अर्धं नाव आणि मुलीचं अर्धं नाव जोडून काहीतरी अजब घडवत. शेठनीही तेच केलं. मुलीला ते मुळीच आवडलं नव्हतं.

काही शब्दांचं नशीब मोठं. ‘इंटरपोल’ हा 1946 साली घेतलेला तारेचा पत्ता. 1956 मध्ये तो संघटनेच्या नावातच जाऊन बसला. ऑक्सफर्डच्या दुष्काळ निवारण समितीनंही 1965 मध्ये आपल्या तारेच्या पत्त्यालाच, ‘ऑक्सफॅम’ला, नाव करून टाकलं.

आमच्याकडे फॅक्सचं यंत्र आलं त्या वर्षी शेठनी फी भरली नाही. सरकारनं तार बंद केली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, जुलै 2013 मध्ये.