कडा होता, पॉइंट झाला

माथेरान ‘शोधून काढणारा’ ह्यू मॅलेट आणि महाबळेश्वरच्या आर्थर सीटला ज्याचं नाव आहे तो आर्थर मॅलेट हे सख्खे भाऊ. त्यांचे वडील सर चार्ल्स मॅलेट 1786 ते 1797 या काळात पुण्यात पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचे वकील होते. सवाई माधवरावांचा तो दरबार, नाना फडणवीस, टिपूविरुद्धचा करार हे सगळं मॅलेटच्या डोळ्यांदेखत घडलं. दरबाराचं प्रसिद्ध तैलचित्र काढायला घेतलं ते जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानं. ते पुरं व्हायच्या आत, 1795 मध्ये, साष्टीत त्याचा मृत्यू झाला आणि पुढे थॉमस डॅनिएलनं ते तडीस नेलं. वेल्सनं पुण्यात माणसं रंगवली तशीच वेरूळची लेणीही कागदावर उतरवली. त्याच्या हाताखाली गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार तयार झाला. 1799 मध्ये, विलायतेला परतल्यावर, मॅलेटनं याच वेल्सच्या मुलीशी, सुझॅनाशी लग्न केलं. त्यांना आठ मुलगे झाले. त्यातल्या दोघांची नावं सह्याद्रीच्या पर्यटनाला कायमची चिकटली.

चित्रकाराचे नातू डोंगराच्या टोकावर जाऊन उभे राहिले, हा नुसता योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. त्या काळच्या इंग्रजाला निसर्ग चित्रासारखा पाहायचं वळण लागलं होतं. 1778 मध्ये थॉमस वेस्टनं इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशासाठी वाटाड्या छापला. कुठल्या टेकाडावर उभं राहिलं की देखावा नीट जमतो, ते त्यात जागा धरून सांगितलेलं होतं. चार वर्षांनी विल्यम गिल्पिनचं वाय नदीवरचं पुस्तक आलं आणि खडक, झाड, पाणी कशाच्या मागे काय असावं याचे जणू नियमच ठरले. हौशी मंडळी तर एक काळसर, फुगीर आरसा बाळगत. देखाव्याकडे पाठ करून त्या आरशात तो बघायचा, म्हणजे तो चित्रासारखा दिसतो! आजच्या सेल्फीवाल्यांना हसण्याआधी एवढं लक्षात ठेवावं.

ही दृष्टी घेऊन आलेल्या माणसांना सह्याद्रीनं आयतं सामान पुरवलं. काळ्या बसाल्टचे थर जवळपास आडवे, एकावर एक. माथ्यावर महाबळेश्वर, पाचगणी, माथेरानला जांभ्याचं तांबडं झाकण. कोकणाच्या अंगाला उतार तीव्र, पाऊस बेसुमार, त्यामुळे पश्चिमेला धावणाऱ्या नद्यांनी कडा आतआत कोरत नेला आणि मधली मधली धार तेवढी नाकासारखी पुढे राहिली. या नाकांच्या शेंड्यांवरच पुढे पॉइंट झाले. लॉडविक पॉइंटचा शेंडा तर हत्तीच्या मस्तकासारखा दिसतो आणि ओळखला जातो त्याच नावानं.

पण शेंडा आयता मिळाला म्हणून पॉइंट आयता मिळत नाही.

पीटर लॉडविक हा कंपनीच्या फौजेतला अधिकारी 1824 मध्ये साताऱ्याहून रान तुडवत वर महाबळेश्वरला आला. तिथल्या स्मारकावर लिहिलं आहे की या डोंगरांवर पाय ठेवणारा तो पहिला युरोपियन. ते खरंही असेल. मात्र तेव्हा क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेचं देऊळ होतं, पुजारी होते, यात्रा भरत होती. जावळीच्या मोऱ्यांचं राज्य बुडून आणि अफझलखानाचा वध होऊन दीडशेहून अधिक वर्षं लोटली होती. पार घाटानं कोकणातला माल वर येत होता. लॉडविकनं केलं ते एवढंच, की इथली हवा आजारी शिपायांना मानवेल हे मुंबईच्या वृत्तपत्रातून जगाला कळवलं. 1826 मध्ये साताऱ्याचा रेसिडेंट जॉन ब्रिग्ज यानं वर घर बांधलं आणि छत्रपती प्रतापसिंहांना गळ घालून साताऱ्याहून रस्ता करवून घेतला. दोन वर्षांनी गव्हर्नर जॉन माल्कम आला, त्यानं रुग्णालय थाटलं, आणि 1829 मध्ये वाईजवळचं खंडाळा देऊन हा टापू कंपनीच्या पदरात पाडून घेतला. वस्तीला नाव पडलं माल्कमपेठ.

रस्ता करून देणाऱ्या प्रतापसिंहांना 1839 मध्ये गादीवरून उतरवून काशीला धाडलं गेलं. वेण्णा तलाव बांधवला तो त्यांच्यानंतर गादीवर बसलेल्या त्यांच्या भावानं, अप्पासाहेबांनी, 1842 मध्ये. पॉइंटांची जुनी यादी मात्र गव्हर्नरांनी भरलेली आहे: एल्फिन्स्टन, कार्नॅक, फॉकलंड. यजमानांच्या वाट्याला त्यात एकही कडा आलेला नाही.

नावं देण्याची ही सगळी रीतच मोठी बघण्यासारखी. ज्याला आज लॉडविक पॉइंट म्हणतात तो आधी सिडनी पॉइंट होता. सर सिडनी बेकविथ हा मुंबईचा सेनापती 1831 च्या जानेवारीत महाबळेश्वरीच वारला, त्याच्या आठवणीचं ते नाव. 1873 मध्ये नव्वदीचा लॉडविक फ्रान्समध्ये निवर्तला, पुढच्याच वर्षी त्याच्या मुलानं इथे स्तंभ उभारला आणि बेकविथचं नाव मागे पडलं. कॅनॉट पीक हे राजपुत्राचं नाव. सिंदोळा हा इथला सर्वांत उंच माथा, 1438 मीटरचा. तो 1923 मध्ये आलेल्या लेस्ली विल्सन या गव्हर्नरामुळे विल्सन पॉइंट झाला. नाकिंदा झाला केट्स पॉइंट, माल्कमच्या लेकीवरून. केट, हेलन, मार्जरी, तिकडे माथेरानला लुईसा आणि शार्लट. साहेबांच्या घरातल्या बायकामुली अशा कड्याकड्यांवर बसल्या. त्यांच्या पंगतीत इथली म्हणावी अशी एकच, सावित्री, आणि तीही नदी म्हणून.

बॉम्बे पॉइंट तेवढा या नामावळीतून वेगळा काढायला हवा. तो कुणा साहेबाच्या नावाचा नाही. मुंबईला जाणारी जुनी वाट याच अंगानं पार गावाकडे उतरायची. तेव्हाचा प्रवास असा: मुंबईहून गलबतानं बाणकोट, तिथून सावित्रीच्या खाडीनं महाडच्या रोखानं वर, मग डोंगर. घाट चढून दमलेला माणूस टोकाशी थांबून श्वास घेणार आणि मागे वळून पाहणार, तेच हे ठिकाण. 1876 मध्ये फिट्झगेराल्ड घाट, म्हणजे आपला आंबेनळी, खुला झाला आणि जुनी वाट ओस पडली. पॉइंट राहिला आणि सूर्यास्ताच्या कामी आला.

बाकीच्या टोकांकडे मात्र कुणाचीही गरजेची वाट जात नव्हती. ती मुद्दाम काढावी लागली. झाडी तोडायची, खडक फोडायचा, घोड्याला आणि पालखीला चालेल असा चढ राखायचा, शेवटी मोकळा सपाट चौक आणि बसायला कट्टा. हे काम कुणी केलं याचा एक धागा महाबळेश्वरच्या तुरुंगात सापडतो. 1834 पासून 1864 पर्यंत इथे चिनी आणि मलायी कैदी ठेवले होते. मलाक्क्याच्या सामुद्रधुनीकडच्या वसाहतींतून आणलेली ही माणसं. त्यांनी बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या, वेताच्या वस्तू विणल्या आणि गिरिस्थानाचे रस्तेही घडवले. केटच्या नावाच्या पाट्या ठिकठिकाणी आहेत, या कैद्यांपैकी एकाचंही नाव कुठल्या वळणावर नाही.

आर्थर सीटची गोष्ट गाइड मंडळी खास आवाज लावून सांगतात. आर्थर मॅलेटची बायको आणि तान्ही मुलगी 1853 मध्ये बाणकोटच्या खाडीत होडी उलटून बुडाल्या, आणि तो या टोकावर बसून सावित्रीकडे बघत राही, अशी ती कथा. यातला पहिला भाग खराच आहे. बाणकोटच्या डोंगरावर त्या मायलेकींचं स्मारक आजही उभं आहे. दुसऱ्या भागाबद्दल जुनं सातारा गॅझेटिअर कोरडेपणानं एवढंच म्हणतं, की या जागी पहिल्यांदा घर बांधलं ते मॅलेटनं. पण लोकांनी गोष्ट जुळवली ती भूगोल पाहून, हे कबूल करायला हवं. आर्थर सीटच्या पायथ्याच्या दरीत सावित्री खाली उतरते आणि तीच पुढे बाणकोटला समुद्राला मिळते. शिवाय आर्थर सीट नावाचा डोंगर स्कॉटलंडच्या एडिंबरात पूर्वीपासून होताच. माल्कम, एल्फिन्स्टन आणि मॅलेटचे आजोबा वेल्स, सगळे स्कॉटिश. नाव रुजायला जमीन तयार होती. स्थानिक माणसं या टोकाला मढीमहाल म्हणत.

तिथून थोडं खाली विंडो पॉइंट. दरीतून चढणारा वारा कड्याच्या भिंतीवर आपटतो आणि सरळ वर उसळतो, त्यामुळे हलकी वस्तू फेकली की ती परत येते. पूर्वी लोक टोप्या फेकत. मग बाटल्यांची झाकणं आली, मग वेफर्सची पाकिटं, आणि जे परत येत नाही ते सावित्रीच्या उगमाशी साचतं.

धाकट्या मॅलेटचं माथेरान याच मुशीतलं, फक्त मुंबईच्या जास्त जवळचं. ह्यू मॅलेट ठाण्याचा कलेक्टर. 1850 च्या मे महिन्यात पायथ्याच्या चौक गावी मुक्काम असताना तो वन ट्री हिलच्या अंगानं वर चढला आणि रामबागेच्या बाजूनं उतरला. नोव्हेंबरात परत येऊन त्यानं घर बांधायला घेतलं. डोंगर तेव्हाही रिकामा नव्हता. धनगर, ठाकूर आणि कातकरी यांचा तिथे राबता होता. डॉ. जे. वाय. स्मिथ यांनी 1871 मध्ये माथेरानवर पुस्तक लिहिलं, त्यात झाडं आणि प्राणी यांच्या बरोबरीनं या माणसांचंही वर्णन आहे. वन ट्री हिलशेजारच्या नाळेला शिवाजी शिडी म्हणतात. शिवाजी महाराज तिथून चढल्याचा पुरावा शोधत बसण्यात अर्थ नाही. साहेबाच्या आधी इथे वाट होती, हे ते नाव सांगतं आणि तेवढं पुरे.

माथेरानचं वेगळेपण पुढच्या पन्नास वर्षांत घडलं. महाबळेश्वर गव्हर्नरांचं राहिलं. माथेरान मुंबईच्या पारशी, बोहरी, गुजराती शेटजींनी आपलंसं केलं. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशानं आणि त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन यांच्या खटपटीनं 1907 मध्ये नेरळहून दोन फुटी रुळांची गाडी वर पोचली. सुमारे 20 किलोमीटरच्या वाटेत ती इतके वळसे घेते, की प्रवाशाला वर पोचण्याआधीच निम्मे देखावे बघून होतात. वर मोटारींना बंदी, त्यामुळे पॉइंटांकडे जाणाऱ्या तांबड्या मातीच्या वाटा पायी किंवा घोड्यावरून जाण्याच्याच राहिल्या. अडतीस पॉइंटांची यादी इथले घोडेवाले तोंडपाठ म्हणतात. इको, लँडस्केप, पॅनोरमा, पॉर्क्युपाइन ही इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर घासून घासून इतकी गुळगुळीत झाली आहेत, की ती परकी वाटेनाशी झाली.

साहेबांचा मोसम मात्र कोरडा होता. दिवाळीच्या आगेमागे एकदा, मग मार्च सरल्यावर जूनच्या पहिल्या सरींपर्यंत. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो येण्याआधी बंगले गवतानं शाकारून, कुलपं लावून सगळे खाली उतरत. पावसात पॉइंटावर जाणं त्यांच्या लेखी वेडेपणाच, कारण धुक्यात दिसणार काय? आताचा पर्यटक नेमका तेव्हाच वर जातो. समोर पांढऱ्या भिंतीखेरीज काही नसतं, हातात भाजलेलं कणीस असतं, आणि गाइड त्या भिंतीकडे बोट करून रायगड, तोरणा, राजगड कुठे कुठे आहेत ते बिनचूक सांगतो. गिल्पिनच्या नियमांत न बसणारा हा आनंद आहे, आणि तो खोटा म्हणता येणार नाही. वाहनांच्या रांगा आणि बांधकामं वाढल्यावर केंद्र सरकारनं 2001 मध्ये महाबळेश्वर-पाचगणी आणि 2003 मध्ये माथेरान पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलं.

दरम्यान, गेल्या शतकाच्या उत्तरार्धात, पुण्या-मुंबईच्या गिर्यारोहकांनी या कड्यांकडे उलट्या दिशेनं यायला सुरुवात केली. पोलादपूरच्या बाजूला ढवळे गावात मुक्काम करायचा, पहाटे निघून चंद्रगड गाठायचा आणि तिथून दिवसभर चढत आर्थर सीटवर पोचायचं, ही त्यातली कसदार वाट. गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय ती सापडत नाही, आणि त्याच्या तोंडून जी ठिकाणं कळतात त्यांत एकही गव्हर्नर नसतो. बहिरीची घुमटी येते, जोरचं पाणी येतं. तिथे बाटल्या भरून घेतात, कारण पुढे वरपर्यंत पाणी मिळेलच असं नाही. दाभीळ टोक, मढीमहाल, नाकिंदा ही नावं आता डोंगरभटक्यांच्या नकाशांत आणि ट्रेकच्या टिपणांत सर्रास दिसतात. शेवटचा टप्पा कातळाचा. तो चढून ट्रेकर लोखंडी कठड्यावरून पलीकडे उतरतात, तेव्हा तिथले फोटो काढणारे पर्यटक त्यांना हमखास विचारतात, की खाली बघण्यासारखं काय आहे आणि गाडी जाते का.